उभ्या गाडीचा बेल्ट

मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. मास्तर म्हणजे टेलर मास्तर; शाळेशी त्यांचा संबंध गणवेश शिवण्यापुरताच. बायकोने एकदा त्यांना मोकळ्या मैदानात नेऊन गाडी शिकवायचा घाट घातला होता. पण उभा जन्म पायाच्या मशीनवर गेलेला, त्यामुळे मास्तर दोन्ही पाय एकदमच दाबायचे. मग खाली क्लच असो, ब्रेक असो नाहीतर ॲक्सिलरेटर, जे सापडेल ते. गाडी बेडकासारख्या उड्या मारत मैदानाच्या भिंतीपाशी गेली आणि मास्तरांचं शिक्षण तिथेच आटोपलं.

गाडी चालवायच्या त्या मास्तरीणबाई. सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखायची. दुकानात शिवलेल्या गणवेशांचे गठ्ठे मागच्या सीटवर रचून त्या आसपासच्या शाळा आणि दवाखाने पालथे घालायच्या. मास्तर शेजारच्या सीटवर बसून रस्ता सांगायचे, आणि बाई त्यांचं अजिबात न ऐकता बरोबर ठिकाणी पोचायच्या.

तीन वर्षांपूर्वी घाटातल्या एका वळणावर समोरून ट्रक थेट अंगावर आला. बाईंनी प्रसंगावधान राखून गाडी कडेला घातली. साधा ओरखडाही उठला नाही, पण गाडी बंद पडली ती पडलीच. बाई पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत राहिल्या. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. कुणा शहाण्याने तर काच खाली करून "येत नाही तर चालवता कशाला?" असं सुनावलंही. शेवटी एकदाची गाडी चालू झाली. आपण वाचलो ते हिच्यामुळे, हे मास्तरांनी वाटभर सांगून पाहिलं. बाईंच्या कानात मात्र ते हॉर्नच वाजत होते. घरी आल्यावर त्यांनी किल्ली खुंटीला अडकवली.

"बास झालं," त्या म्हणाल्या. "यापुढे माझ्यासमोर गाडीचं कुणी नाव काढायचं नाही. तुम्हीसुद्धा."

मास्तरांनी शब्द दिला आणि पाळला. गठ्ठे टेम्पोने जायला लागले. गाडीचा विषय घरात निघाला नाही. फक्त रोज सकाळी बाई झोपेत असताना मास्तर चहाचा कप घेऊन शेडमध्ये जायचे, धूर कोंडू नये म्हणून दार सताड उघडायचे आणि गाडीत बसायचे. बसायचे तेही शेजारच्याच सीटवर. तिथून वाकून गियर मोकळा आहे ना ते बघायचं आणि किल्ली फिरवायची, एवढी विद्या त्यांना अवगत होती. मग चांगला अर्धा तास इंजिन चालू ठेवून, रेडिओ बारीक लावून ते चहा प्यायचे.

उभी राहून गाडी खराब होते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पण खरं कारण त्याहून साधं होतं. उद्या हिच्या मनात आलं आणि गाडीने ऐनवेळी दगा दिला, तर ही पुन्हा किल्लीला हात लावणार नाही, याची त्यांना खात्री होती. म्हणून गाडी हिच्यासाठी कायम तयार पाहिजे. वर मीटरचा आकडा जागचा हलत नाही, म्हणजे गाडी जशीच्या तशी राहिली, याचा त्यांना कोण अभिमान!

आणि एका सोमवारी जेवताना बाई म्हणाल्या, "रविवारी धाकटीकडे जाऊन येऊ या का? किती दिवस बोलावतेय."

"जाऊ की. टेम्पोवाल्याला सांगून ठेवतो."

"टेम्पो कशाला? गाडी आहे ना. मी चालवीन म्हणते."

मास्तरांचा घास हातातच राहिला. धाकटी म्हणजे बाईंची बहीण, आणि ती राहायची घाटापलीकडे. "बरं," मास्तर म्हणाले, जणू कुणी मीठ वाढू का असं विचारलं होतं. मग दुकानात जाऊन त्यांनी एका डॉक्टरच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. आनंदाने माणूस कामातून जातो तो असा.

दुपारी त्यांनी गॅरेजवाल्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्रीने हवा, ऑइल, ब्रेक अशी तपासायची कामं सांगितली.

"आणि तो टायमिंग बेल्ट?" मास्तरांनी विचारलं. इंजिनाच्या आतला हा दातेरी पट्टा तुटला की गाडी त्या क्षणी बंद पडते आणि आतले भाग एकमेकांवर आपटून इंजिनाची वाट लागते, हे मिस्त्रीनेच त्यांना पूर्वी समजावलं होतं.

"मागच्या वेळी मीच बदललाय तो. मीटर किती झालंय?"

मास्तरांनी आकडा सांगितला.

"मग निम्मंसुद्धा चाललेला नाही. बिनधास्त जा."

मास्तर बिनधास्त झाले ते संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी त्यांनी शिलाई मशीनला तेल घातलं आणि तेल मुरावं म्हणून ते रिकामंच चालवायला घेतलं. कापड नव्हतं, दोरा नव्हता, टाका पडत नव्हता. पट्टा मात्र गरागरा फिरत होता. मास्तरांचे पाय एकदम थांबले. कापड न घालता मशीन चालवलं तरी पट्टा झिजतोच, हे ते हाताखालच्या कारागिरांना बोलून बोलून थकले होते. आणि स्वतः मात्र रोज सकाळी, तीन वर्षं!

दुसऱ्या दिवशी बाई बाजारात गेल्याची संधी साधून त्यांनी मिस्त्रीला शेडमध्ये बोलावलं आणि सगळं सांगितलं.

"रोज अर्धा तास?" मिस्त्रीने डोक्यावर हात मारला. "अहो मास्तर, गाडी उभी आहे की पळतेय हे बेल्टाला काय कळतंय?"

"तेच म्हणतोय मी. बघ ना उघडून."

मिस्त्रीने वरचं झाकण काढून बॅटरीचा झोत टाकला. काळ्या पट्ट्यावर बारीक बारीक चिरा होत्या. "वर्षंही बरीच झालीत, त्यात तुमची ही रोजची पूजा," तो म्हणाला. "माझ्या गॅरेजपर्यंत दोन गल्ल्या सावकाश येईल ही. घाटात मात्र नेऊ नका. चढावर तुटला, तर आहे तिथेच बसाल."

"रविवारच्या आत होईल?"

"बेल्ट मागवावा लागेल. पुढचा मंगळवार धरून चाला. संध्याकाळी मी येऊन गाडी घेऊन जातो."

तो गेला आणि मास्तर गाडीला टेकून उभे राहिले. त्यांना मनापासून भीती वाटत होती. रविवारी जाऊ द्यावं, तर त्याच घाटात पुन्हा बंद पडायचा धोका, पुन्हा ते हॉर्न. पुढे ढकलावं, तर तीन वर्षांनी आलेलं हे धैर्य आठवडाभर टिकेल याचा काय भरवसा? आणि खरं सांगावं, तर शब्द देऊन पाठीमागे हे उद्योग केले, म्हणून ती पुन्हा किल्ली खुंटीला अडकवणार. पोटात दुखतंय असं सांगून वेळ मारून न्यावी, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण मास्तरांना खोटं बोलताना कान लाल व्हायची खोड होती.

दुपारच्या चहाला त्यांनी तोंड उघडलं. "बेल्ट बदलायला हवाय गाडीचा. घाटात न्यायच्या आधी."

"आता बदलायचा? मीटर तर जिथल्या तिथे आहे."

"मीटरवर जाऊ नकोस. मी... मी रोज सकाळी चालू करत होतो. तुला एका शब्दाने बोललो नाही, पण चालू मात्र करत होतो."

बाईंनी कप खाली ठेवला. "मला काय बहिरी समजता? शेडची भिंत माझ्या उशाशी आहे."

मास्तरांनी बशीत ओतलेला चहा परत कपात ओतला.

"आधी इतका राग यायचा! वाटायचं, उठावं आणि ती किल्ली नाल्यात भिरकावून द्यावी. न बोलता रोज बोलत होतात तुम्ही."

"मग भिरकावली का नाहीस?"

"मग तुम्ही काविळीने अंथरूण धरलंत. सकाळी आवाज येईना. मला काही केल्या चैन पडेना. वाटलं, माणूस उठून बसला की पहिला शेडमध्ये जाणार, आणि गाडी चालू झाली नाही तर हिरमुसणार. म्हणून तुम्हाला औषधाने गाढ झोप लागली की मीच जायला लागले."

काविळीतून उठल्यावर गाडी एका फटक्यात चालू झाली होती आणि आपण बॅटरीचं तोंड भरून कौतुक केलं होतं, हे मास्तरांना आठवलं. त्यांनी हळूच विचारलं, "कुठल्या सीटवर बसायचीस?"

"माझ्या," बाई म्हणाल्या. "पहिले काही दिवस क्लचवर पाय ठेवला की थरथरायचा. नंतर थांबला."

मास्तरांचे डोळे भरून आले. लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. "घाटात पुन्हा बंद पडली असती, तर तू परत..."

"तर माझंच काहीतरी चुकलं असं धरून बसले असते मी. सांगितलंत ते बरं केलंत. पुढच्या रविवारी जाऊ. धाकटी कुठे पळून जात नाही."

"मिस्त्री येतोय संध्याकाळी गाडी न्यायला."

"तो कशाला? दोन गल्ल्या तर आहेत."

"अगं, वाटेत तुटला तर?"

"तुटला तर बेल्ट तुटेल. माझं काही चुकलं, असं तर नाही ना होणार?" बाई उठल्या आणि त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली.

त्यांनी आरसा नीट केला, सीट पुढे ओढली आणि गाडी शेडच्या बाहेर काढली. पहिली गल्ली अशी पार पडली, की मास्तरांनी चार वेळा रस्ता सांगितला आणि बाईंनी चारही वेळा ऐकला नाही. कोपऱ्यावर एक शाळेची बस आडवी आली. बाईंनी ब्रेक दाबला, बस गेल्यावर क्लच जरा घाईने सोडला, आणि गाडी गचका खाऊन बंद पडली.

मागे लगेच हॉर्न वाजला. मग दुसरा. मास्तरांनी सीटची कड घट्ट धरली. बेल्ट तुटला की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी आरशात मागच्या मोटारवाल्याकडे बघितलं.

"थांब रे बाबा जरा, कुठे आग लागलीय?" त्या म्हणाल्या, गियर मोकळा केला आणि किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली. कोपरा वळून त्या गॅरेजच्या दारात येऊन थांबल्या. मिस्त्री हात पुसत बाहेर आला आणि चालकाच्या सीटवर कोण आहे ते बघून त्याचा फडका हातातच राहिला.

"वहिनी, तुम्ही? अहो, मी येणारच होतो की!" तो म्हणाला. "बरं, राहू दे आता इथे. नवा बेल्ट टाकला की मी स्वतः घरी आणून सोडतो. तुम्हाला त्रास नको."

बाईंनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही.

"आणून नका सोडू," त्या म्हणाल्या. "फक्त फोन करा. न्यायला मी येईन."