दह्यातली भुकटी

जेवणात कोणीतरी काहीतरी कालवतं, असं दादा नऊ वर्षं सांगत होता. कोण, ते दर महिन्याला बदलायचं. आई बिचारी त्याच्या ताटातला पहिला घास खाऊन दाखवायची, मगच तो जेवायचा. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या मात्र तो नेमानं घ्यायचा. कानातले आवाज कमी झाले होते, थांबले नव्हते.

त्याची धाकटी बहीण प्रयोगशाळेत कामाला होती. अशाच रुग्णांच्या शौचाचे नमुने तिथं गारठलेल्या डब्यांतून यायचे. "एवढं शिकलीस ते हेच उपसायला!" दादा चिडवायचा. पण आकडे बघता बघता तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. या लोकांच्या आतड्यातले काही जिवाणू इतरांपेक्षा निराळे दिसत होते.

"म्हणजे आजाराचं मूळ पोटात आहे?" तिनं तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंना विचारलं.

"कोण जाणे. आजारानं पोट बदललं असेल, गोळ्यांनीही बदलतं. उगीच घाई करू नकोस."

घाई करू नकोस म्हटल्यावर तर तिला स्वस्थ बसवेना. औषधाच्या दुकानातून तिनं चांगल्या जिवाणूंची भुकटी आणली. सांगितलं तर दादा शंभर शंका काढणार, म्हणून कोणाला पत्ता न लागू देता रोज त्याच्या दह्यात कालवू लागली. आई आपली नेहमीसारखी पहिला घास खायची. ही त्याच्या तोंडाकडे टक लावून बसायची. आज जरा जास्त बोलला का? आज स्वतःशी पुटपुटला नाही, की मलाच ऐकू आलं नाही?

सोळाव्या दिवशी चमचा ढवळत ती वळली, तर दारात दादा.

"काय टाकलंस?"

'साखर' हा शब्द जिभेवर आला होता. पण त्यानं वाटी उचलून नाकाशी धरली आणि तिला तो उच्चारवेना.

"जिवाणू. तुला बरं वाटावं म्हणून."

मागून आई आली. "अगं, मी खाऊन दाखवत होते गं त्याला!"

दादानं खोलीची कडी लावली. दोन दिवस तो अंडी उकडून घेण्यापुरताच बाहेर आला; ती आणि केळी, एवढंच त्यानं खाल्लं. ती दाराबाहेर येरझारा घालत राहिली. तिसऱ्या दिवशी तिथंच फरशीवर बसून तिनं सगळं सांगून टाकलं, डॉक्टरबाईंनी अडवलं होतं तेसुद्धा.

मग कडी निघाली.

"एकदाच खरं होतं," तो म्हणाला, "आणि कालवणारी तू निघालीस. अगं, विचारायचं तरी! मी नाही म्हटलं असतं, तर नाही. पण विचारायचं."

"चुकलं माझं, दादा."

"त्या बाईंना नमुने लागतात ना? मी देतो. डबी मी भरणार, सही मी करणार. तू हात लावायचा नाहीस."

पुढच्या आठवड्यात तो खरंच प्रयोगशाळेत आला. संमतीच्या अर्जातली ओळ न् ओळ त्यानं दोनदा वाचली, अकरा प्रश्न विचारले. डॉक्टरबाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली. यानं बरं वाटेलच असं नाही, हेही सांगितलं.

"तुलना करायला घरातलं निरोगी माणूसही लागतं," त्या म्हणाल्या.

दादानं बहिणीकडे बोट दाखवलं. "ही आहे की. निरोगी आहे का, ते तुम्हीच तपासा."

तिनं हात पुढे करून डबी घेतली.