समुद्रावर उभा राहिलेला नारळ

आता जे सांगतो ते कुणालाच पटणार नाही. मला तरी कुठं पटतं! पण समुद्राच्या सर्व्हेसाठी ते नवं जबरदस्त जहाज आलं ना, त्याचा मुहूर्त माझ्या हातून झाला. ह्या तात्याबाच्या. वडगाव रासाईच्या, विहिरीला पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याच्या.

हे मी दौंड स्टेशनावर सांगितलं, आणि सांगायची गरजच तशी पडली होती. आमच्या शेजारच्या शंकररावांची प्राची त्याच जहाजावर नोकरीला लागलेली. मुंबईची गाडी लेट. शंकररावांना एका जागी चैन नाही. बाकावर बसायचे, उठायचे, पोरीच्या बॅगेची चेन ओढून बघायचे, रुळांवर वाकायचे. गाव सोडल्यापासून एकच घोषा, "अजून बी माघारी फिरू. पुण्यात काय नोकऱ्या न्हाईत?" प्राची नखं खात होती. बाप 'जा' म्हणल्याशिवाय ती गाडीत पाय ठेवायची नाही, हे बापाला पक्कं माहीत. म्हणून तर तो म्हणत नव्हता.

मग मीच तोंड उघडलं. "शंकरराव, ते जहाज मी बघितलंय."

"तुम्ही? सर्व्हेच्या जहाजावर? मोजणीला गेलता व्हय?"

"मोजणीलाच की! समुद्राच्या."

"मग सातबारा कुणाच्या नावावर निघाला? आन् माशांनी हरकत न्हाई घेतली?"

प्राचीला हसू फुटलं. "पप्पा, तसली मोजणी न्हाई ती. जहाज पाण्यात हवेचा बार काढतं. आवाज तळाखालच्या खडकात जातो, आपटून माघारी येतो. जहाजामागच्या लांब केबलींना तो ऐकू येतो. त्यावरनं कळतं, खाली तेल कुठं हाय."

"म्हंजी माझाच धंदा!" मी म्हणालो. "पण केबली कसल्या! जहाज तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात उभं केलं, तर शेपूट कैक कोसांवरच्या न्हावऱ्यात. अशा डझनभर शेपट्या! उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांना फुरफुरतो. हे जहाज सगळ्या ओढतं, आन् कपातला चहा हालत न्हाई."

आता मला का बोलावलं? तर जहाजावरच्या साहेबांना पडताळा पाहिजे होता. एकीकडं यंत्र, एकीकडं तळहातावर आडवा नारळ घेतलेला मी. शेतात पाण्याच्या जागी आलं की नारळ उभा राहतो. इथं जहाजानं बंदराचा धक्का सोडला आणि नारळ ताडकन उभा! उभा तो उभाच. खाली सगळं पाणीच, तो आडवा व्हायचा कधी? मला हात खाली घेता येईना, जेवता येईना. कॅप्टननं स्वतः घास भरवले. शेवटी पहिला बार निघाला, त्या दणक्यानं नारळ हातावरच फुटला, आणि साहेब म्हणाले, झाला मुहूर्त.

"नारळाचं राहू द्या," शंकरराव म्हणाले. "आम्ही विहारात जाणारी माणसं. आमचा न्हाई इश्वास." पण येरझारा थांबल्या होत्या. ते जवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "तात्याबा, जहाजावरनं किनारा दिसतो का?"

हेच ते होतं. पाण्याचं भ्या नव्हतं त्यांना. आपलं घर कुठल्या अंगाला आहे हेसुद्धा पोरीला कळणार नाही, ही धास्ती.

"दिसतो की!" मी म्हणालो. "दिवे लागले की गावं मोजून घ्या."

"रोज?"

"रोज. जहाज किनारा सोडतच न्हाई."

तेवढ्यात गाडी आली. रेटारेटी सुरू झाली. शंकररावांनी बॅग उचलून दारात ठेवली. "मग जा, बाई."

प्राची चढली नाही. तिनं बॅग पुन्हा फलाटावर काढली.

"पप्पा, किनारा न्हाई दिसायचा. महिना-दीड महिना न्हाई. चारी बाजूंनी पाणीच. आता म्हणा."

लोक आम्हाला ढकलून चढत होते. शंकररावांनी पोरीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि माझ्याकडं बघितलं ते कोरड्या गेलेल्या बोअरकडं बघावं तसं. शिट्टी झाली. त्यांनी बॅग उचलली, स्वतः डब्यात शिरले, पार आत सीटखाली सरकवून आले. प्राची चढली तशी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जा. फोन लागंल तवा लाव."

गाडी हलली. ते तिथंच उभे, मान वळवून शेवटच्या डब्याकडं बघत. मला राहवेना. "शंकरराव, मनाला लावून घेऊ नका. अवो, किनाऱ्याचे दिवे मी ह्या डोळ्यांनी..."

"खोटं! साफ खोटं!" सगळा फलाट वळून बघायला लागला. "समुद्र कवा बघितला तुम्ही? जलमात एकदा मुंबईला निघाला, ते हितल्या हितं केडगावला उतरून रडत माघारी आलता!"