खंडोबाचं तोंड

“देवाचं तोंड कुठंय, जयसिंगराव?”

“पुसलं गेलं, लक्ष्मण भिया.”

जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या माझ्या फ्रेमच्या दुकानात हा माणूस ओला फडका खिशात कोंबत उभा. पुढ्यात वीतभर जुना कागद. बारीक कलमानं काढलेला खंडोबा: पांढरा घोडा, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रं. कुत्र्याच्या मिशासुद्धा शाबूत. आणि देवाच्या मानेवर कोरा डाग.

ह्यांच्या आत्याबाई, द्वारकाबाई, रोज त्या तोंडाला बोटानं भंडारा लावायच्या. त्यापायी काच बसवू देत नसत. होळकरांचं राज्य गेलं, मध्यभारत झालं, तशी ह्यांची सरदारकी गेली. तलवारी विकल्या, गालिचे विकले, आता देवघरात हात. दिल्लीचा सेठ म्हणाला, हळद काढा, मग घेतो. ह्यांनी पाणी लावून घासलं. हळदीबरोबर देव निघाला.

“कॅलेंडरातलं एखादं मुंडकं चिकटव ना यार! सेठ चार बजे येणार. आत्याला दिसतं कुठं? तिला तेच कॅलेंडर देऊ मढवून.”

मुंडकं म्हणे! तोंडातलं पान कडू झालं.

“बाहेर बसा,” म्हटलं. “असं तोंड लावतो की सेठ बघतच राहील.”

ह्यांचाच दरबारी ग्रुप फोटो माझ्याकडे मढवायला पडला होता. त्यातलं ह्यांचं डोकं कापलं, पगडी-मिशांसकट, नखाएवढं. पातळ खळीनं देवाच्या मानेवर बसवलं. वर कागद गुंडाळला.

“ओलं आहे, उघडू नका हां.”

तमाशा बघायला मीपण छत्रीबागेत त्यांच्या वाड्यावर गेलो.

सेठनं वरचा कागद काढला. एकदा चित्राकडे, एकदा जयसिंगरावांकडे बघितलं. “अरे, ये तो आप हैं!” हसून हसून ठसका लागला त्याला. टोपी उचलली नि चालता झाला.

“हरामखोर! माझं तोंड लावलंस?”

“मग कुणाचं लावू? देव विकायला तुम्हीच निघालात ना?”

गडबड ऐकून आत्याबाई भिंत चाचपत आल्या. “माझा देव आणला का रे?”

मी चित्र पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, अंगठा फिरवला, थबकल्या.

“हा कोण मेला बसलाय इथं?”

नखानं उचकटून टाकला. ते डोकं जयसिंगरावांच्या पायाशी पडलं. ते उचलायला वाकले.

आत्याबाईंनी कमरेच्या पिशवीतल्या भंडाऱ्यात बोट बुडवलं. बोट बरोबर कोऱ्या जागी टेकलं.

“काच लावू नकोस हं, लक्ष्मण,” त्या म्हणाल्या.