साहेबांच्या अंगावरचं सोनं

चौकटींना सोन्याचा वर्ख लावण्यात ज्याची हयात गेली, त्याला एखाद्या माशाच्या अंगावर सोनं चढताना दिसलं, तर तो डॉक्टर शोधेल की कौतुक करील? वर्खवाल्यांनी कौतुक केलं. आता याला वेडेपणा म्हणा, नाहीतर अंगात मुरलेली कला म्हणा.

त्यांची बायको खुब्याचं हाड मोडून पलंगावर पडून होती. आईला सोबत म्हणून लेकीनं एक निळा फायटर मासा आणून दिला, पलंगाशेजारच्या स्टुलावर त्याची काचेची टाकी मांडली आणि ती आपल्या घरी गेली. मासा मोठा दिमाखदार. काचेत स्वतःचं रूप दिसलं की कल्ले फुगवून भांडायला उठायचा, म्हणून बाईंनी त्याचं नाव ठेवलं साहेब. नवरा दिवसभर दुकानात, आणि घरी आला तरी मिठाची गुळणी धरलेला. मग सुखदुःखाच्या गोष्टी साहेबांशीच व्हायच्या.

"अगं, साहेबांना सोनं चढतंय!" एका सकाळी वर्खवाले टाकीपाशी वाकून म्हणाले. "मानेपाशी बघ. काय झळाळी आहे!"

"अहो, तो जेवत नाहीये. सारखा दगडाला अंग घासतोय."

"वयात आला असेल."

"पंख मिटून कोपऱ्यात बसलाय आणि म्हणे वयात आला!"

"सोन्यातलं मला शिकवू नकोस." असं म्हणून त्यांनी टाकी उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली. झळाळी उन्हात जास्त खुलत होती.

साहेब तळाला टेकले तेव्हा बाई रडायला लागल्या. बायकोचं रडणं वर्खवाल्यांना कधीच सोसलेलं नाही. मोबाइलवर माशाचा फोटो काढून ते तडक शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदार बाईनं फोटो मोठा करून पाहिला.

"काका, हे सोनं नाही. परजीवी आहेत, पिठाच्या कणाहून बारीक. कातडीला चिकटून माशाला खातात. उन्हात तर नाही ना ठेवला? उजेडावर वाढतात हे."

वर्खवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याच हातानं आपण रोगाला खाऊ घालत होतो, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

उपाय साधे होते. टाकी जाड कापडानं झाकून अंधारात ठेवायची, पाणी हळूहळू थोडं कोमट करायचं, आणि तांब्याचं औषध थेंब मोजून घालायचं, कारण जास्त झालं तर औषधच जीव घेतं. अंगावरची ही सोनेरी धूळ गेली तरी लगेच थांबायचं नाही, कारण परजीवींची पिल्लं पाण्यात नवा मासा शोधत फिरत असतात.

टाकी खिडकीतून घरातल्या अंधाऱ्या बोळातल्या कोनाड्यात गेली. स्टूल रिकामं होतंच, आता साहेबही नजरेआड झाले आणि बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी वर्खवाल्यांनी दुकान उघडलंच नाही. एक चौकट, वर्खाची पानं आणि ब्रश घेऊन ते स्टुलावर येऊन बसले आणि आधी पंखा बंद केला.

"मला उकडून मारताय का?"

"वाऱ्यानं पान उडतं." त्यांनी ब्रश स्वतःच्या गालावरून फिरवला, ब्रशला लागलेल्या गालाच्या तेलकटपणानं वर्ख अलगद उचलला आणि चौकटीवर ठेवला. बाई कुशीवर वळून बघत राहिल्या.

"जन्मभर हे असं करत होतात? म्हणून गाल चमकतात होय! मला वाटायचं, माझ्या हातचं अंगी लागलंय."

वर्खवाले हसले आणि त्यामुळे पान फाटलं. मग पान का फाटतं ते त्यांनी सांगितलं, आणि सांगता सांगता बोलतच राहिले. इतकं ते लग्न ठरवतानाही बोलले नव्हते. औषधाच्या वेळी टाकी पलंगापाशी यायची. ते थेंब घालायचे, बाई मोजायच्या, आणि मग टॉर्च मारून दोघं मिळून साहेबांची मान तपासायचे. धूळ विरळ होत गेली. साहेब दाणे खाऊ लागले.

"झालं की आता," ते म्हणाले.

"झालं कसलं? लगेच थांबायचं नाही, असं बजावलंय ना त्या दुकानवालीनं?"

पुढे औषधाची मुदतही संपली. त्या सकाळी कापड काढलं, तर साहेब कल्ले फुगवून काचेवर धावून आले. अंगावर सोन्याचा मागमूस नव्हता, नुसता निळा, तापट मासा. वर्खवाल्यांनी स्टुलावरचे ब्रश गोळा केले आणि टाकी उचलली.

"घे तुझे साहेब. मी आता दुकान उघडायला मोकळा."

बाईंनी हात लांब करून स्टुलावर ठेवला.

"त्यांना कपाटावर ठेवा. तिथूनही दिसतील मला."

"आणि इथे?"

"साहेबांना बरं वाटावं म्हणून मी रोज देवाला विनवत होते," बाई म्हणाल्या, "आणि ते बरे झाले की तुम्ही उठून जाल, या भीतीनं रोज झोप लागत नव्हती."

वर्खवाल्यांनी टाकी कपाटावर ठेवली. पंखा बंद केला आणि ते स्टुलावर येऊन बसले.