नावाड्याचं पद

राजसबाई तिसऱ्यांदा पडल्या त्या विहिरीपाशी, हातात रिकामी कळशी असताना. कळशीचा आवाज मागच्या बिऱ्हाडातल्या कामाक्षीनं आधी ऐकला. शेषगिरीराव रस्त्याकडच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पेपर वाचत बसले होते. ते धावत पोचेपर्यंत कामाक्षीनं राजसबाईंना उठवून पायरीवर बसवलंही होतं. कपाळाला टेंगूळ, कोपर सोललेलं.

"काही नाही हो," राजसबाई म्हणाल्या. "पाय कुठं टाकला तेच कळलं नाही."

ट्रिप्लिकेनच्या शाळेत शेषगिरीराव एकतीस वर्षं ड्रिल मास्तर होते. त्यांच्या शिटीवर चारशे पोरांचे पाय एकदम उचलायचे नि एकदम पडायचे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना मास्तरच म्हणत. आणि आपल्याच घरात आपल्याच बायकोचा पाय ऐकेना, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

डॉक्टर रामस्वामी घरी येऊन बघून गेले. "हाडं शाबूत आहेत," ते म्हणाले, "पण पायांवरचा भरवसा गेलाय. बसवून ठेवाल तर आणखी पडतील. रोज उभं करा. अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घ्यायला लावा, आडवी पावलं टाकू द्या, वळू द्या. तुम्ही तर मास्तर, तुम्हाला मी काय सांगायचं?"

लेक सरोजा एग्मोरहून आली ती रडवेली होऊनच. "अप्पा, आम्माला पलंगावरून उठूच देऊ नका. एक बाई ठेवू."

"तुझी आम्मा काय मोडकी खुर्ची आहे, कोपऱ्यात सरकवायला?" शेषगिरीराव कडाडले.

दुसऱ्या दिवशी कॉफी झाल्यावर मधल्या खोलीत कवायत सुरू झाली. "वन... टू... वन... टू." राजसबाईंनी भिंत सोडली. उजवा पाय उचलला गेला, डावा जमिनीला चिकटल्यासारखा जागीच. आकडा कानावर पडला की त्या आधी पायाकडं बघत, मग नवऱ्याच्या तोंडाकडं. तोवर पुढचा आकडा आलेला असे. आठवडाभर हेच चाललं. आठव्या दिवशी शेषगिरीरावांचा तोल सुटला. "अगं, पाच वर्षांची पोरं करतात हे!"

राजसबाईंनी खुर्चीचा आधार घेतला, बसल्या, पदरानं मान पुसली. न बोलायची त्यांना सवय होती.

त्याच शुक्रवारी देवळाची पालखी गल्लीतून निघाली. पुढं सनईसारखं नागस्वरम आणि तविलचा ढोल. राजसबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. विळी आडवी करून त्या उठल्या, मधली खोली ओलांडली, उंबरा ओलांडला आणि थेट दारात येऊन उभ्या राहिल्या. कशाला हात लावला नाही. वाट द्यायला उठलेले शेषगिरीराव त्यांच्या पायांकडं बघतच राहिले. पावलं तविलच्या ठेक्यावर पडली होती, एकही चुकलं नव्हतं. पालखी कोपऱ्यावरून वळली, वाजप विरलं, तशा राजसबाई एकदम दचकल्या नि चौकटीला घट्ट धरून म्हणाल्या, "कुणीतरी हात द्या हो."

शेषगिरीरावांनी रेडिओ लावून पाहिला. कधी गाणं मध्येच संपून बातम्या लागत, कधी लय पायांच्या पुढं पळे. दोन दिवसांत नाद सोडला. खरं तर काय करायला हवं हे त्यांना केव्हाच कळलं होतं. इतक्या वर्षांत या घरात कधी न मागितलेलं गाणं आता मागायचं, ते तोंडातून निघत नव्हतं एवढंच.

राजसबाईंचे वडील वेंकोबाबुवा तंजावरचे कथेकरी. लहानपणी ही पोर झांज घेऊन त्यांच्या मागं उभी राहायची, पदाला पद आणि पावलाला पाऊल देत. रामाला पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याचं एक पद बुवांनी स्वतः रचलं होतं. त्याची चालच अशी की ऐकणारा बसल्या जागी होडीसारखा डोलावा.

"तू म्हण ना," एका दुपारी शेषगिरीराव म्हणाले. "बुवांचं ते नावाड्याचं. म्हणत म्हणत चाल."

राजसबाई तांदूळ निवडत होत्या. "विसरले."

"असं कसं विसरशील?"

"विसरायलाच सांगितलं होतं ना?" त्यांचा आवाज जराही चढला नाही. "सासरचं पहिलंच नवरात्र. बाहुल्यांच्या कोलूपुढं बायका बसल्या होत्या. मी दोनच चरण म्हटले. सासूबाई म्हणाल्या, कथेकऱ्याच्या पोरीनं इथं बाजार मांडू नये. त्यांचं मी कधीच सोडून दिलं. त्यांचं वय, त्यांची रीत. पण तुम्ही दारात होता. पोरांना थांबवावं तसं म्हणालात, 'पुरे.' मी पंधरा वर्षांची होते."

शेषगिरीरावांना ती संध्याकाळ आठवली, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या आठवल्या. आपला शब्द मात्र काही केल्या आठवेना. सेहेचाळीस वर्षं दुसऱ्यानं जपून ठेवलेली आपली चूक आपल्या लक्षातही नसावी, याचीच त्यांना जास्त शरम वाटली. ते उठून बाहेर गेले.

मग कवायत बंदच पडली. राजसबाई भिंत धरून फिरत, पुढं पुढं तेवढंही नाही. सोळाव्या दिवशी न्हाणीघरात पडल्या आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. सरोजा बापावर तुटून पडली, "बसवून बसवून तुम्हीच तिचे पाय घालवलेत!" बसवायचं म्हणत होतं कोण, हे शेषगिरीरावांनी काढलं नाही. चुकीच्या कारणासाठी का होईना, बोलणी त्यांना बरोबरच मिळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोसमोर उभे राहिले आणि स्वतःच ते पद म्हणू लागले. लग्नात बुवांच्या कथेत ऐकलेलं, तेवढ्याच भांडवलावर. गळा मैदानावर घासलेला, सूर कुठल्या कुठं. राजसबाईंनी तोंड फिरवलं. शेषगिरीराव थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, तिसऱ्या दिवशीही. मागं कामाक्षी पदर तोंडाला लावून हसू दाबत होती, तिकडंही लक्ष दिलं नाही.

चौथ्या दिवशी राजसबाईंना राहवेना. "अहो, तिथं सम नाही. होडी उलटवाल बाबांची!"

"मग कुठं?"

राजसबाईंनी उजव्या हाताच्या बोटांनी प्लास्टरवर ठेका धरला. "इथं. आणि मग इथं."

शेषगिरीरावांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. ते खाली बसले. "मला नाही जमायचं, राजस. मी चुकतोय. तेव्हाही चुकलो."

राजसबाईंनी प्लास्टरवर पुन्हा एकदा पूर्ण ठेका धरला. मग म्हणाल्या, "कामाक्षीला बोलवा. तुम्ही बाहेर बसा. हे पायांसाठी आहे, तुम्हाला ऐकवायला नाही."

शेषगिरीराव तिण्णैवर जाऊन बसले. आतून आधी नुसतंच गुणगुणणं आलं, मग शब्द. आवाज फाटलेला, दम पुरत नव्हता, पण सम जिथल्या तिथं. त्या समेबरोबर दोन जोड्या पावलं. कामाक्षी राजसबाईंच्या दंडाला धरून चालत होती आणि हळूहळू तिचे स्वतःचे आखडलेले गुडघेही सैल होत होते. डाव्यावर भार, उजव्यावर भार, दोन पावलं आडवी, मग वळण. असं रोज.

प्लास्टर निघालं. पोंगलपर्यंत राजसबाई विहिरीपर्यंत जाऊन परत येऊ लागल्या, भिंतीशिवाय, ओठातल्या ओठात पद म्हणत. पुन्हा पडल्या नाहीत. डॉक्टर खूश झाले, सरोजा खूश झाली.

एकदा शेषगिरीराव कौतुकानं मागच्या दारी आले. त्यांना पाहताच राजसबाईंच्या ओठांवरचं पद थांबलं आणि पाठोपाठ पाऊलही अडखळलं. कामाक्षीनं झटकन दंड धरला म्हणून बरं.

शेषगिरीरावांनी काय समजायचं ते समजून घेतलं. त्यानंतर राजसबाई विहिरीकडं निघाल्या की ते पेपर उचलून पुढच्या दारी जात, आणि कळशी पाण्यात बुडाल्याचा आवाज येईपर्यंत एक अक्षरही वाचत नसत.