बेडूक झालेले चार वेटर

"मी बोलावलं आणि पाऊस आला नाही, असं कधी झालंच नाही," फुलहेन्सिओकाका छाती ठोकून सांगायचे. गावात मात्र तीन वर्षं त्यांचा मका उभ्याउभ्या वाळत होता. शेवटी त्यांनी समुद्रावरच्या हॉटेलात काम धरलं.

मी बसने टुरिस्ट फिरवायचो. मेरिदा शहरातले जुने वाडे, माया लोकांची पडकी देवळं आणि शेवटी हॉटेलात काकांचा पाऊस मागायचा विधी.

"आज इथे लग्न आहे, नुसतं नाटक करा," मालकीण रेबेकाबाई म्हणाल्या. "पाहुणे खूश झाले, तर नोकरी पक्की."

"बाई, गावात पाऊस आला नाही, तो इथे कशाला तडमडेल?"

विधीत चार पोरं नैवेद्याच्या मेजाखाली बसून बेडूक होऊन ओरडतात. हॉटेलात पोरं नव्हती, म्हणून चार वेटर डराव डराव करू लागले. काकांनी देवाला हाक मारली आणि आभाळ फाटलं. मांडव समुद्रात गेला, मागोमाग केकही.

"चालते व्हा!" रेबेकाबाई किंचाळल्या.

"पण बाई, विधी बरोबर झाला ना?"

मी काकांना गावी सोडलं. शेतात थेंब पडला नव्हता. गावी न्यायला बसच्या टपावर ठेवलेलं त्यांचं पेरणीचं बियाणं मात्र हॉटेलवरच्या पावसात भिजून फुगलं होतं.