पत्रूची रिकामी काच

मी एक जुना सूक्ष्मदर्शक बोलतोय. सांगणार आहे ते अगदी तसंच घडलं का, याची खात्री मला देता येणार नाही. डोळा एकच, त्यातही बुरशी शिरलेली. काही मी स्वतः पाहिलं, काही टेबलावर बसून नुसतं ऐकलं. आता दोन्ही एकमेकांत मिसळलंय.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. पुढची अठरा वर्षं नागपूरच्या एका कॉलेजात गेली. मोठमोठे प्राध्यापक माझ्यावर वाकले. शिकलो खूप, पण जितकं शिकलो तितक्या शंका वाढल्या. विजेवरची नवी यंत्रं आली आणि मला गडचिरोलीच्या जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात धाडलं. तिथे विजेचा भरवसा नव्हता, ऊन मात्र भरपूर. माझ्या पायाशी आरसा आहे. त्याने खिडकीतलं ऊन पकडायचं नि पाहायचं. लोक मला 'दुर्बीन' म्हणत.

मला वापरायची ती दिव्यानी, प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ. पावसाळ्यात हगवणीचे रोगी आले की आम्ही दोघं दिवसभर कामात. कुणाच्या पोटात अमिबा, कुणाच्या जंत. "पाणी उकळून प्या, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा," हे तिचं बोलणं मला पाठ झालं होतं.

अशात एका उन्हाळ्यात बुधरी आपल्या सुनेला घेऊन आली. सून म्हणजे सुकरी. पापण्यांची आतली बाजू कागदासारखी पांढरी, तोंड सुजलेलं.

"पाह्य जी मॅडम, भिंत खाऊन राह्यली," बुधरी म्हणाली. "पांढऱ्या मातीनं सारवली का आठ दिवसात कोपरा साफ! एक दिवस घर खाऊन टाकन, अन आमी बसू झाडाखाली."

सुकरी खाली मान घालून एका पायाने दुसरा पाय खाजवत होती.

"पायाला काय झालं?"

"चिखल्या होय जी. मागच्या धानाच्या रोवन्यापासून जातच नाई. सगळ्याइलेच होते. तिचं दुखनं येगळं. चार पावलं चालली का दम लागते. औंदा रोवन्याच्या आधी बरी झाली नाई, तं मायच्या घरी पोचवून देऊ. मंग आणाची नाई."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सातच्याही खाली. दिव्यानीने संडासचा नमुना आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो घेऊन सुकरीचा नवरा पत्रू आला. पळसाच्या पानाचा द्रोण, वरून दुसरं पान झाकलेलं. पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. वनविभागाच्या रोपवाटिकेत कामाला होता. साप फार म्हणून बूट मिळाले होते. झोपतानाच काय ते काढायचा.

दिव्यानीने काच लावली. मी डोळा ताणून पाहिलं. भाजीचे धागे, हवेचे बुडबुडे, बाकी काही नाही. दुसरी काच, तिसरी काच. काहीच नाही. खरंच काही नाही, की मलाच दिसत नाही?

"तं मंग हे बाहेरचं हाय," दारातून बुधरी म्हणाली. "उद्याच पोचवतो तिले."

दिव्यानीला पटेना. "पत्रूभाऊ, हे आहे कोणाचं?"

पत्रूने टोपी काढली, पुन्हा घातली. "माह्यं."

"तुमचं? काऊन?"

"तिले लाज वाटे जी. म्या म्हटलं, चूल एक, हंडी एक, पाणी एक. पोटातलं बी एकच असन."

बाहेर बसलेले सगळे खो खो हसले. "अरे, मंग औषध बी तूच पिऊन टाक!" कुणीतरी ओरडलं.

दिव्यानी हसली नाही. उरलेला नमुना तिने औषधाच्या पाण्यात घालून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. माझ्या डोळ्यावर तिचा भरवसा नव्हता. ते मला लागलं, पण चूक तिची नव्हती.

मग सुकरीला बाजूला नेऊन समजावलं, आणि तिचा स्वतःचा नमुना आला. काच सरकली आणि मी पाहतच राहिलो! लांबट गोल अंडी, पातळ पारदर्शक कवचाची, आत चार-चार गोळ्यांचे घोस. एक, दोन, सात... अंकुशकृमी! आतड्याला दातांनी चिकटून रक्त पिणारे. माती खाण्याची ओढ त्या रक्तक्षयाचीच.

"चूल एक, पाणी एक," दिव्यानी पुटपुटली. मग तिने पत्रूचे बूट पाहिले आणि सुकरीचे अनवाणी पाय. "हे पोटात तोंडातून नाही गेलं. पायातून गेलं!"

गावाची रीत अशी, की धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चप्पल न्यायची नाही, ती धरतीमाय. बाया मोहाच्या झाडाखाली चपला काढून झुडपाआडच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून जात. आणि त्याच झुडपाआड सगळं गाव शौचाला बसे. त्या ओल्या, सावलीतल्या मातीत अळ्या वाढत आणि कातडीतून आत शिरत. ती खाज म्हणजे यांच्या चिखल्या.

सुकरीला जंताच्या गोळ्या मिळाल्या आणि सहा महिने लोहाच्या. गावात लाकडं भरून ठेवलेले संडास रिकामे होऊन वापरात आले, आणि शेतात जाताना सुकरीच्या पायात बूट आले.

"धरतीमायवर बूट?" बुधरी भडकली होती म्हणे.

"धुऊन घालतो, आत्या. अन आधी माथा टेकवतो," सुकरी म्हणाली.

रोवणा लागला तेव्हा ती बांधीत उतरली. दमत होती, पण उतरली. पुढच्या वर्षी तर रांगेत सगळ्यात पुढे होती. बुधरी दिव्यानीला सांगायला आली, "आता भिंत नाई खात जी. मले बोलू देत नाई, एवढी ताकद आली!"

मी मात्र झोपलो नाही. बुटांचा सगळा निष्कर्ष माझ्या 'काही दिसलं नाही' यावर उभा होता. बुरशी लागलेल्या डोळ्याला न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. पत्रूच्या काचेवरही अंडी असली तर?

नवं यंत्र आलं, मी कपाटात गेलो. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. एवढंच सांगतो, नमुना ज्याचा त्याचाच द्या, लाजू नका.

नऊ वर्षांनी कपाट उघडलं ते सुकरीनेच. ती आता गावची आशा सेविका आहे. जुनी नोंदवही झटकताना तिच्यातून एक कागद पडला. जिल्ह्याहून उशिरा आलेला, कुणीतरी न वाचताच खुपसलेला. सुकरीने तो खिडकीशी नेला, नाव वाचून हसली आणि मोठ्याने वाचू लागली:

"नमुना पत्रूचा. तीनदा तपासला. कृमीची अंडी आढळली नाहीत."